दम, घड्याळ आणि दंड : शेवटच्या दोन मिनिटांचा इतिहास



नागोठण्यात येऊन कबड्डीवर बोलायचं म्हणजे आळंदीत ज्ञानेश्वरी सांगण्यासारखं आहे. भातकापणी आटोपली की पेण, रोहा, पोयनाड, अलिबाग या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या गावात विजेच्या झोतात मैदान आखलेलं असतंच. पकड कशी करावी, कोपऱ्यातला गडी कसा जागा धरतो, हे आम्ही तुम्हाला काय सांगणार? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातून प्रश्न विचारायची सवय तेवढी अंगात राहिली. तेव्हा आज कसबाबद्दल न बोलता एका प्रश्नाबद्दल बोलू.

असं समजा, सामना संपायला दोन मिनिटं आहेत. एक संघ तीन गुणांनी पुढे आहे. त्याचा चढाईपटू येतो, निदान रेषा ओलांडतो, कुणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, दम घुमवत इकडून तिकडे फिरतो आणि परत जातो. गर्दीतून आरोळी उठते, ‘वेळ काढतोय!’ आता त्याने नियम मोडला का? नाही. मग लोकांना राग का येतो?

आणि दुसरी गोष्ट. समजा, एखाद्या संघाने खरोखरच नियम मोडला आणि तोही मुद्दाम. दंड बसेल हे त्याला ठाऊक आहे. पण दंडात जेवढं जाईल, त्याहून जास्त सेकंद हाताशी लागतात, म्हणून तो दंड आनंदाने भरतो. त्याला आपण शिक्षा म्हणायचं, की त्याने ते सेकंद विकत घेतले असं म्हणायचं?

हे दोन्ही प्रश्न एकाच मुळापासून निघतात. खेळ कधी संपणार, हे घड्याळाने ठरायला लागलं त्या दिवसापासून वेळ ही मालमत्ता झाली. मालमत्ता आली की तिची चोरी आली, तिचा व्यवहार आला, आणि मग तिचा कायदाही आला. हा कायदा कसा घडत गेला, ते आज पाहू. आधी आपल्या मैदानावर, मग थोडं लांब, अमेरिकेत.

श्वास हेच घड्याळ

कबड्डीची मोठी गंमत अशी की या खेळात घड्याळ आधीपासून होतं, फक्त ते मनगटावर नव्हतं, छातीत होतं. एका श्वासात जेवढं जमेल तेवढं कर आणि घरी ये. दम सुटला की तू बाद. हुतूतू म्हणा, कबड्डी म्हणा, तो उच्चार मोठ्याने आणि सलग करायचा, कारण तो समोरच्यांना ऐकू यायला हवा. म्हणजे चढाईपटू स्वतःचं घड्याळ स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना ऐकवत असतो. इतकं उघड घड्याळ दुसऱ्या कुठल्या खेळात आमच्या तरी पाहण्यात नाही.

पण हे घड्याळ एका चढाईपुरतं होतं. सगळा सामना कधी संपायचा? इथे जुन्या प्रकारांकडे बघावं लागतं. जाणकार तीन प्रकार सांगतात: गामिनी, अमर आणि संजीवनी. गामिनीत बाद झालेला गडी परत येत नाही. एक एक करत सगळा संघ बाद झाला की एक गुण, आणि ठरावीक गुण झाले की सामना संपला. वेळेची मर्यादाच नाही. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडत नाही, गुण मात्र लिहिला जातो, आणि सामना वेळेवर संपतो. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होतो. आजची कबड्डी मुख्यतः या संजीवनीची लेक आहे.

आता गामिनीत वेळ काढायची कल्पना करून बघा. आघाडीवरच्या संघाने नुसते हेलपाटे घातले तर काय मिळेल? काहीही नाही. समोरचे गडी बाद होईपर्यंत सामना संपणारच नाही. रात्र झाली तरी हिशेब तिथल्या तिथे. म्हणजे वेळकाढूपणा हा माणसाच्या स्वभावातला जन्मजात दोष नाही. तो खेळाच्या रचनेतून येतो. घड्याळाने संपणाऱ्या खेळातच त्याला अर्थ आहे.

मग घड्याळ आणलंच कशाला? कारण साधं आहे. खेळ गावच्या खळ्यातून स्पर्धेत आला. १९२१ साली साताऱ्यात नियम बांधले गेले, १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने सुधारित नियम छापले आणि अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डी होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. एका दिवसात दहा सामने उरकायचे असतील, लांबून आलेल्या संघांना परतीची गाडी पकडायची असेल, तर ‘सगळे बाद होईपर्यंत’ हा हिशेब चालत नाही. म्हणून वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. सोय झाली. पण सोयीबरोबर एक गोष्ट गुपचूप आत आली: पुढे असलेल्या संघाला आता नुसतं टिकून राहूनही जिंकता येऊ लागलं.

नियमांनी लावलेल्या आडकाठ्या

नियमपुस्तक हातात घेऊन एकेक नियम वाचा. आम्हाला तर असं दिसतं की त्यातले बरेच नियम वेळेच्या चोरीविरुद्ध घातलेली कुंपणं आहेत.

निदान रेषाच घ्या. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. चढाईपटूने ती एकदा तरी ओलांडली पाहिजे, नाहीतर तो बाद. का? कारण ही रेषा नसती तर मध्यरेषेच्या चार बोटं पलीकडे उभं राहून दम घुमवता आला असता. एक चढाई संपली की पुढच्या संघाने पाच सेकंदांत आपला गडी पाठवायचा, हा नियमही तसाच. नाहीतर घामच पुसत बसले असते. विश्रांतीचे वेळ संघाला मोजून मिळतात आणि तेवढ्यापुरतं सामन्याचं घड्याळ थांबतं. आणि वेळ संपली तरी चालू असलेली शेवटची चढाई पूर्ण होऊ द्यायची, हा आमच्या मते सगळ्यांत सुंदर नियम. तिथे नियमाने सांगितलं की भिंतीवरच्या घड्याळापेक्षा छातीतलं घड्याळ मोठं. श्वास सुरू आहे तोवर शिट्टीने थांबायचं.

पण या कुंपणांनंतरही एक भगदाड राहिलं. निदान रेषा ओलांडायची आणि परत यायचं. दमदार गडी असेल तर किती वेळ? त्यावर चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, हा ‘करो या मरो’चा नियम आला. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने हे दोन्ही नियम घराघरांत नेले. आज आठवीतला पोरगासुद्धा बोटांवर चढाया मोजतो.

या नियमात दडलेलं एक गणित तुम्हाला सांगतो. शेवटची दोन मिनिटं, म्हणजे एकशेवीस सेकंद. दोन्ही संघांनी तीस-तीस सेकंद घेतले तर चार चढाया होतात, दोन तुमच्या, दोन त्यांच्या. पुढे असलेल्या संघाच्या रिकाम्या चढायांची मोजणी त्या क्षणी शून्यावर असेल, तर त्याच्या दोन्ही चढाया रिकाम्या गेल्या तरी चालतात. तिसरी यायच्या आत सामना संपला! म्हणजे नियम असूनही वेळ काढता आली. पण मागे असलेल्या संघाचा गडी घाईने गेला, दहा सेकंदांत स्पर्श करून परत आला, असं धरा. तीस आणि दहा, चाळीस. अशा तीन जोड्या एकशेवीस सेकंदांत बसतात. म्हणजे मागच्या संघाला दोनऐवजी तीन चढाया मिळाल्या. आणि पुढच्या संघाच्या गळ्यातही तिसरी चढाई पडली, जिच्यात त्याला लढावंच लागेल. बघा, मागे पडलेल्याने स्वतःचा वेळ वाचवला की त्यातूनच समोरच्यावर लढायची सक्ती येते. हा नियम कुणाला दंड करत नाही. वेळ काढण्यातला फायदा तो काढून घेतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता शुद्ध दंडाचं बघा. कबड्डीत गैरवर्तनाला कार्डं आहेत. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं मैदानाबाहेर, लाल म्हणजे उरलेल्या सामन्याला मुकणं. कागदावर पिवळं कार्ड सगळ्यांना सारखं. पण पाचव्या मिनिटाला ते मिळालं तर संघाला पुरी दोन मिनिटं सहा जणांवर काढावी लागतात. एकोणचाळिसावं मिनिट संपताना मिळालं तर? शिक्षा दोन मिनिटांची, आणि भरायला उरलं आहे एकच मिनिट. उरलेली अर्धी शिक्षा शिट्टीने माफ केली! आणि ताकीद तर शेवटच्या मिनिटाला फुकटच. म्हणजे दंडाचं वजन नियमपुस्तकात ठरत नाही, घड्याळाच्या काट्यावर ठरतं. हुशार प्रशिक्षकाला हे ठाऊक असतं. पंचांनाही ठाऊक असायला हवं.

जिथे हा हिशेब शास्त्र झाला

दंड आणि घड्याळ यांचं नातं ज्या खेळात सगळ्यांत बारकाईने लढवलं गेलं, तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडे तो फारसा कुणी बघत नाही, म्हणून दोन शब्दांत सांगतो.

पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. महत्त्वाची गोष्ट ही की घड्याळ कधी चालतं, कधी थांबतं. फेकलेला चेंडू कुणी न झेलता जमिनीवर पडला तर घड्याळ थांबतं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मैदानातच पाडलं तर ते चालू राहतं. पुढचा प्रयत्न सुरू करायला साधारण चाळीस सेकंद मिळतात. म्हणून पुढे असलेला संघ आत पळतो, पडतो, सावकाश उठतो. मागे असलेला संघ घाई करतो आणि घड्याळ थांबवायची निमित्तं शोधतो.

आता इथे दंड कसा शिरतो बघा. मागे असलेल्या संघाकडे विश्रांतीचे वेळ संपलेत, घड्याळ चालू आहे, सेकंद गळताहेत. त्यांचा एक गडी ‘चुकून’ आधीच हलला. पंचांची शिट्टी वाजली, पाच यार्ड मागे. पण शिट्टीबरोबर घड्याळही थांबलं! पाच यार्ड देऊन त्यांनी जे मिळवलं ते पन्नास यार्डांच्या मोलाचं. ही पळवाट बुजवायला तिथे नियम झाला: शेवटच्या मिनिटांत चालत्या घड्याळावर अशी चूक केलीत, तर यार्ड तर जातीलच, शिवाय घड्याळातून दहा सेकंदही वजा होतील. विश्रांतीचा वेळ शिल्लक असेल तर तो देऊन हे दहा सेकंद वाचवता येतात. समोरच्या संघाला नको असेल तर तो ही वजावट नाकारूही शकतो. आणि घड्याळात दहा सेकंदच उरले नसतील तर सामना तिथेच संपला.

ही वजावट किती कडक, ते २४ सप्टेंबर २०१७ रोजी दिसलं. डेट्रॉइट आणि अटलांटा यांचा सामना. डेट्रॉइटच्या खेळाडूने अगदी शेवटी गोलरेषेवर चेंडू नेला, पंचांनी गुण दिला, मैदान नाचायला लागलं. चित्रफीत पाहिल्यावर कळलं, रेषेच्या जराशा अलीकडेच तो अडवला गेला होता. निर्णय फिरला. घड्याळात आठ सेकंद. पण मूळ निर्णय बरोबर दिला असता तर घड्याळ चालूच राहिलं असतं, म्हणून दहा सेकंद वजा करायचे. आठातून दहा गेले! डेट्रॉइटकडे विश्रांतीचे वेळ नव्हते. एक यार्डावर उभा असलेला संघ ३०–२६ असा हरला. इथे कुणी चूकही केली नव्हती, फक्त पंचांचा निर्णय बदलला होता. चोराला धरायला लावलेल्या सापळ्यात कधी कधी घरधनीही सापडतो.

उलट्या बाजूचा किस्सा याहून बोलका. पुढे असलेला संघ नियम मोडून वेळ खातो तो कसा? ३ फेब्रुवारी २०१३, सुपर बोल. बाल्टिमोर सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा पाच गुणांनी पुढे, बारा सेकंद बाकी, चेंडू बाल्टिमोरच्याच गोलरेषेजवळ. त्यांनी ठरवून दोन गुण सोडून द्यायचं ठरवलं. किक मारणारा गडी चेंडू घेऊन आपल्याच क्षेत्रात इकडे तिकडे फिरत राहिला, आणि त्याच्या साथीदारांनी समोरच्यांना उघडउघड धरून ठेवलं. धरणं हा दोष. पण त्याचा दंड फार तर काय? तेच दोन गुण, जे ते तसेही देणार होते. आठ सेकंद गेले, चार उरले, बाल्टिमोर ३४–३१ जिंकलं. याच संघाने २७ नोव्हेंबर २०१६ रोजी सिनसिनाटीविरुद्ध हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. अकरा सेकंद बाकी होते, जवळजवळ सगळ्या साथीदारांनी समोरच्यांना मिठ्या मारल्या, आणि घड्याळ शून्यावर आल्यावरच गडी बाहेर पडला. १९–१४, सामना संपला. दंड लावायला पुढचा प्रयत्नच उरला नव्हता.

मग २०१७ मध्ये नियम बदलला. घड्याळ खाण्यासाठी एकाच प्रयत्नात अनेकांनी मिळून चुका केल्या तर ते खिलाडूपणाला सोडून वागणं समजायचं, पंधरा यार्ड मागे न्यायचं, आणि, हे सगळ्यांत महत्त्वाचं, घड्याळ पुन्हा मागे नेऊन ठेवायचं. गेलेले सेकंद परत!

गोष्ट इथे थांबत नाही. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी दुसरी फट शोधली. किक मारायच्या आधी मुद्दाम उशीर करायचा, पाच यार्डांचा दंड घ्यायचा, घड्याळ पुन्हा चालू झालं की परत चूक करायची. चेंडू तसाही लाथाडायचाच आहे, पाच यार्डांचं काय एवढं? त्यांचा संघ तेव्हा कितीतरी पुढे होता, म्हणून ते गमतीवारी गेलं. पण ४ जानेवारी २०२० च्या बाद फेरीत त्यांचेच जुने खेळाडू माइक व्रेबेल, तेव्हा टेनेसीचे प्रशिक्षक, यांनी हीच युक्ती गुरूवर उलटवली. एका गुणाच्या आघाडीवर असताना त्यांनी जवळजवळ दोन मिनिटं अशी खाल्ली. टेनेसी जिंकलं. त्याच वर्षी ती फटही नियमाने बुजवली. एकलव्याने अंगठा देण्याऐवजी द्रोणाचार्यांवरच बाण सोडावा, तसा प्रकार.

शिक्षा आणि किंमत

आता आमच्या विषयाकडे येतो. या सगळ्या किश्शांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. नियमकर्ते दंड ठेवतात या समजुतीने की लोक तो टाळतील. खेळणारे त्या दंडाकडे भावफलकासारखे बघतात. पाच यार्ड? परवडतात. दोन गुण? परवडतात.

इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. काही पाळणाघरांनी उशिराला दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते. ते वाढले, साधारण दुप्पट झाले. आधी पालकांना वाटायचं, बाई ताटकळत असतील, लाज वाटायची. आता पैसे भरले, प्रश्न मिटला. पुढे दंड रद्द केला तरी उशीर कमी झाला नाही. एकदा लाजेची जागा दराने घेतली की लाज सहजासहजी परत येत नाही.

शिक्षा म्हणते, ‘हे करू नकोस.’ किंमत म्हणते, ‘करायचं तर एवढे टाक.’ दंडाची रक्कम दोन्हींत एकच असू शकते. म्हणून नुसती रक्कम वाढवून प्रश्न सुटतोच असं नाही. मग काय करावं? याचं उत्तर कायद्याच्या एका जुन्या खटल्यात मिळतं. १८८९ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयासमोर एक नातू आला. मृत्युपत्राने त्याला आजोबांची मालमत्ता मिळणार होती. आजोबा मृत्युपत्र बदलतील या भीतीने त्याने त्यांना विष घातलं. वारशाच्या कायद्यात खुनी वारसाला अडवणारं कलम नव्हतं. तरीही न्यायालयाने मालमत्ता दिली नाही. कुणालाही स्वतःच्या गैरकृत्याचा लाभ घेता येणार नाही, हे तत्त्व त्यांनी कलमांच्या वर मानलं. रोनाल्ड ड्वॉर्किन या तत्त्वज्ञाने याच खटल्याचा आधार घेऊन सांगितलं की कायदा नुसत्या नियमांचा बनलेला नसतो, त्याखाली तत्त्वं असतात.

आता २०१७ चा तो नियम पुन्हा बघा. पंधरा यार्ड हा त्यातला दंड. पण घड्याळ मागे नेणं हा दंड नाही. ते चोरीचा माल परत करणं आहे. आणि आमच्या मते खेळाला वाचवणारा भाग तोच. चोराला तुरुंगात टाकलं पण दागिने त्याच्याकडेच ठेवले तर त्याला न्याय कोण म्हणेल? आपला तिसऱ्या चढाईचा नियम तर याहून शहाणा. तो चोरी होण्याआधीच तिजोरी रिकामी करतो. वेळ काढून मिळणारं असं फारसं काही उरतच नाही.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने खेळाची व्याख्या अशी केली की अनावश्यक अडथळे आपणहून स्वीकारून ते ओलांडायचा प्रयत्न म्हणजे खेळ. घरी परतायला श्वास धरून ठेवायची गरज कुणाला असते? ती आपण आपणहून स्वीकारतो. मग अडथळा विकत घेऊन बाजूला सारणारा गडी जिंकतो, पण खेळतो का? गर्दीतल्या त्या आरोळीचा अर्थ आमच्या मते हाच आहे. तिला नियमपुस्तकाशी देणंघेणं नसतं. ‘तू खेळणं बंद केलंस’ एवढंच ती सांगते.

हांगझोऊचं एक मिनिट

७ ऑक्टोबर २०२३, आशियाई क्रीडास्पर्धांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. २८–२८ अशी बरोबरी, मिनिटभराचा खेळ बाकी. पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई. कुणाला स्पर्श न होताच तो राखीव पट्ट्यात गेला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही त्या पट्ट्यात उतरले. आता कोण बाद? एका वाचनाप्रमाणे फक्त चढाईपटू. दुसऱ्या वाचनाप्रमाणे पट्ट्यात उतरलेले बचावपटूही. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३–२९ जिंकला.

त्या तासात घडलेली एक गोष्ट मात्र कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. बाहेर तास गेला, पण मैदानातलं ते एक मिनिट कुणी चोरू शकलं नाही. घड्याळ थांबलेलं होतं. निर्णयावर वाद घालायला दोन्ही बाजूंना जागा होती, वेळेवर नव्हती. आणि उलट बाजूही तितकीच खरी. नियमाची दोन वाचनं शिल्लक ठेवली की ती पहिल्या मिनिटाला कुणाला टोचत नाहीत. टोचतात ती शेवटच्या मिनिटालाच, कारण तेव्हाच त्यांची किंमत सगळ्यांत जास्त असते.

मैदानाबाहेर

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक, खेळ आहे, सोडून द्या. पण हा हिशेब मैदानावर थांबत नाही. दिवाणी दाव्यात ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला तारीख पडलेली हवीच असते. पुढची तारीख मागायला थोडा खर्च भरावा लागला, तर तो जमीन वापरण्याचं भाडं समजून भरतो. बांधकामाच्या करारांत उशिराला दंड असतो, पण त्याला बहुधा कमाल मर्यादाही असते. मर्यादा गाठली की पुढचा प्रत्येक दिवस फुकट. आपल्या दारावरून जाणाऱ्या मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. ते किती पावसाळे चाललं, हे नागोठण्याच्या माणसाला सांगायला नको. तिथे कोण चुकलं यात आम्ही शिरत नाही. पण गेलेला वेळ परत करणारा दंड कुठल्या कागदावर होता का, एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही.

म्हणून या मंचावर बसलेल्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना तीन गोष्टी सुचवतो. खर्च फार नाही. एक, सामन्याचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं लावा. वेळाधिकाऱ्याच्या मुठीतलं घड्याळ हे भांडणाचं बी आहे. दोन, शेवटच्या पाच मिनिटांत कुणी मुद्दाम खोळंबा केला, बुटाची नाडी सुटली, पोटात कळ आली, तर सरपंचांनी ताकीद देण्याआधी घड्याळ थांबवावं. आधी वेळ वाचवा, मग माणसाला बोला. तीन, सामन्याआधी दोन्ही कर्णधारांसमोर राखीव पट्ट्याचा आणि तिसऱ्या चढाईचा नियम मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे शेवटच्या मिनिटाला त्याची दोन वाचनं निघणार नाहीत.

मुलांना शिकवताना मात्र आणखी एक सांगावं. पुढे असताना सावध खेळणं यात काही वाईट नाही. तीन गुणांची आघाडी ही कमाई आहे, ती राखायचा हक्क त्या संघाला आहे. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा ती राखायला आपण नियमच मोडतो आणि त्याचा दंड भाड्यासारखा भरतो. गामिनीत हा मोहच नव्हता. संजीवनीत तो आला, कारण आपण घड्याळ आणलं. घड्याळ आता काही परत जाणार नाही. त्याच्याबरोबर राहायला शिकायचं आहे, आणि आपल्या खेळाने त्यासाठी तिसऱ्या चढाईसारखी एक चांगली सोय आधीच करून ठेवली आहे.

आमचं बोलणं इथे थांबवतो. पाचेक मिनिटं आहेत, प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या रांगेत कुणी पंच असतील तर आधी त्यांनी बोलावं.